मेनिंगोकोकसची लस फक्त पासपोर्टवाल्यांनाच का?

परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले की सोबत आरोग्याचा एक तक्ता येतो आणि त्यात बहुतेक वेळा मेनिंगोकोकसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका जंतूविरुद्धच्या, लशीची ओळ असते. अलिबाग, चिपळूण, मालवणच्या घरांत या लशीचे नाव पहिल्यांदा ऐकू येते ते असे. मग पालकांमध्ये वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, तिकडे जाणाऱ्याला ती हवी आणि पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जाणाऱ्याला नको, हे कसले शास्त्र? अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला टोचा. दुसरी बाजू म्हणते, हा आफ्रिकेतला आणि युरोपातला आजार. कोकणात माणसे लेप्टोने, डेंगीने, सर्पदंशाने मरतात. हजारो रुपयांची ही सुई म्हणजे कंपन्यांचा धंदा. दोन्ही बाजूंनी प्रश्न वयावर आणून ठेवला आहे आणि म्हणून दोन्ही चुकतात. कोकणातल्या सगळ्या तरुणांना ही लस द्यावी, असे माझे म्हणणे नाही. पण जे तरुण दाटीच्या सामूहिक निवासात राहायला जातात आणि ज्यांची प्लीहा, म्हणजे पानथरी, काम करत नाही किंवा काढून टाकलेली आहे, त्यांना ही लस सरकारने फुकट आणि वेळेवर दिली पाहिजे. आज नेमके उलटे घडते. ज्याच्या खिशात पैसे आणि हातात व्हिसा आहे त्याला ती मिळते. ज्याला धोका जास्त, त्याला तिचे नावही ठाऊक नसते.

आधी जंतूबद्दल. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सूज आणणारे जंतू अनेक आहेत: न्यूमोकोकस, हिब, क्षयाचा जंतू, कितीतरी विषाणू. मेनिंगोकोकस हा त्यांतला एक. त्याचे ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा गट जवळपास सगळा आजार घडवतात. साधारण दहातल्या एका माणसाच्या नाक-घशाच्या मागच्या भागात तो काही त्रास न देता राहतो आणि पौगंडावस्थेच्या शेवटी व विशीच्या सुरुवातीला हे प्रमाण आणखी वाढते. तो पसरतो थुंकीच्या आणि श्वासाच्या थेंबांतून, तेही जवळच्या आणि लांबलेल्या सहवासात. क्वचित एखाद्याच्या बाबतीत तो घशाचे अस्तर ओलांडून रक्तात शिरतो. मग घड्याळ फार वेगाने धावते. सकाळी ताप आणि अंगदुखी, दुपारी उलट्या, रात्री बेशुद्धी, असा क्रम एका दिवसात पुरा होऊ शकतो. योग्य उपचार मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी दहा ते वीस टक्क्यांना बहिरेपणा, मेंदूची इजा किंवा बोटे नाहीतर पाय गमावणे यांपैकी काहीतरी आयुष्यभर सोसावे लागते.

तरुणांचा धोका वाढतो तो त्यांच्या राहण्याच्या पद्धतीमुळे, आणि हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लष्करी बराकींत सैनिकांची गर्दी झाली तेव्हा ग्लोव्हर नावाच्या लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या घशाचे नमुने आणि खाटांमधले अंतर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. खाटा एकमेकींना भिडू लागल्या की जंतूचे वाहक वाढत आणि मागोमाग रुग्ण येत. दोन खाटांमध्ये किमान अडीच फूट जागा सोडली की वाहक उतरत. १९९७ साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांचे घसे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तपासले गेले. पहिल्या दिवशी वाहक होते ६.९ टक्के, चौथ्या दिवशी २३.१ टक्के. चार दिवसांत तिपटीहून अधिक! वेगवेगळ्या गावांतून आलेली, वेगवेगळे जंतू घशात घेऊन आलेली मुले एका छपराखाली आली, एका टेबलावर जेवली, एका सिगारेटचे झुरके घेतले, एवढ्यानेच हे घडले. आता डहाणू किंवा जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्पातल्या एखाद्या आश्रमशाळेचा, तालुक्याच्या गावातल्या समाजकल्याण वसतिगृहाचा किंवा व्यापारी जहाजावरच्या नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलांच्या निवासाचा विचार करा. तिथल्या खाटांमध्ये अडीच फूट अंतर असते का? बऱ्याच ठिकाणी तर खाटाच नसतात, गाद्या जमिनीवर एकीला एक लावून टाकलेल्या असतात.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा असा की भारतात हा आजार साथ नसताना दुर्मीळ आहे. हे खरे आहे आणि ते मान्य करून पुढे जायला हवे. कोकणच्या कोणत्याही जिल्ह्यात पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस मेनिंगोकोकसपेक्षा कितीतरी जास्त माणसांना खाटेवर टाकतो. दोडामार्गात २०१६ पासून माकडतापानेही आपली जागा धरली आहे. क्षयाचा मेंदूच्या आवरणावरचा हल्ला हा इथल्या तरुणांमध्ये मेनिंगोकोकसपेक्षा नेहमीचा प्रश्न आहे आणि त्यावर ही लस काहीही करू शकत नाही. म्हणूनच सरसकट लसीकरणाच्या मी विरुद्ध आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक तरुणाला लस द्यायला जो पैसा आणि जे मनुष्यबळ लागेल, त्यातून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लेप्टोची तपासणी आणि सर्पदंशावरचे प्रतिविष बाराही महिने ठेवता येईल, आणि त्याने जास्त जीव वाचतील. सरसकट लसीकरण मागणाऱ्यांनी हा हिशेब टाळू नये.

पण दुर्मीळ म्हणजे नगण्य, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली अशी की आपण जे मोजत नाही ते आपल्याला दुर्मीळच दिसणार. निदानासाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढावे लागते. ग्रामीण रुग्णालयात ते क्वचित काढले जाते. नातेवाईक घाबरतात आणि डॉक्टरही मोठ्या रुग्णालयाकडे पाठवणे पसंत करतात. तोवर खासगी दवाखान्यात प्रतिजैविकाची दोन इंजेक्शने झालेली असतात, म्हणून पुढे पाणी काढले तरी प्रयोगशाळेत जंतू वाढत नाही. पावसाळ्यात ताप, डोकेदुखी आणि अंगावर लाल ठिपके घेऊन आलेला तरुण डेंगी किंवा लेप्टोच्या यादीत जातो. यावरून कोकणात हा आजार लपून फोफावला आहे असे सिद्ध होत नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. शून्याचा आकडा विश्वासाने वापरता येत नाही, इतकेच. दुसरी गोष्ट, हा आजार उसळून येतो. वर्षानुवर्षे काही नाही आणि मग एका हंगामात शेकडो रुग्ण. दिल्लीने १९६६, १९८५ आणि २००५ साली हे पाहिले, आणि २००५ च्या साथीत मार मोठ्या प्रमाणात तरुणांना बसला. सरासरी काढून अशा आजाराचा धोका कळत नाही.

हवामानाचा मुद्दाही पुढे केला जातो. मेनिंगोकोकसच्या साथी कोरड्या, धुळीच्या हवेत येतात, आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात हरमॅटन वारे सुटले की. कोकणची दमट हवा आपले रक्षण करते, असे म्हणतात. यात तथ्य आहे. कोरड्या हवेने घशाचे अस्तर तडकते आणि जंतूला वाट मिळते. पण मग २००८-०९ मध्ये मेघालयात साथ कशी आली? देशातला सर्वांत जास्त पाऊस पडणारा तो मुलूख. तिथेही ती सुरू झाली हिवाळ्याच्या कोरड्या महिन्यांत, हे खरे. पण कोकणालाही डिसेंबर ते मार्च कोरडाच जातो. शिवाय कोकणचा तरुण कोकणात राहतो कुठे? बारावी झाली की तो पुण्याला, मुंबईला, दिल्लीच्या स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांमध्ये, सैन्याच्या भरतीत, नाहीतर जहाजावर. हवा गावाकडची आणि खाट परमुलखातली, हेच इथल्या तरुणाईचे वास्तव आहे.

यापुढचा युक्तिवाद ऐकायला फार समंजस वाटतो: लशीच्या मागे लागण्यापेक्षा लवकर ओळखा आणि लवकर उपचार करा. लवकर ओळखण्याचे महत्त्व कोण नाकारेल? त्याचे शिक्षण प्रत्येक वसतिगृह अधीक्षकाला दिलेच पाहिजे. मान आखडणे आणि उजेड सहन न होणे ही पुस्तकी लक्षणे उशिरा दिसतात. त्याआधी पाय विलक्षण दुखतात, ताप असूनही हात-पाय थंडगार पडतात, त्वचेचा रंग फिका किंवा डागाळल्यासारखा होतो. अंगावर ठिपके दिसले तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून पाहायचा. दाबूनही ठिपका पुसट झाला नाही तर रक्त त्वचेखाली उतरले आहे असे समजायचे. सावळ्या कातडीवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडाच्या आतला टाळू पाहायचा. ठिपके नाहीत म्हणून निर्धास्त व्हायचे नाही. अशी शंका आली की प्राथमिक आरोग्य केंद्रातच सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाचे दोन ग्रॅम शिरेतून द्यायचे आणि मगच १०८ च्या गाडीत घालायचे. तपासणीसाठी औषध अडवून धरायचे नाही.

पण आता नकाशा पाहा. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण आजही गोव्याला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात धाडला जातो. रत्नागिरीचा रुग्ण आंबा घाट चढून कोल्हापूरला, महाड-पोलादपूरचा मुंबईकडे. मंडणगड, गुहागर, वैभववाडीच्या आतल्या वाडीतून निघालेल्याला आधी डांबरी रस्ता गाठावा लागतो. जुलैत घाटात दरड आली की तेही अंतर दुप्पट. वसतिगृहातला मुलगा रात्री दहाला तापाने फणफणला तर त्याचा सोबती त्याला क्रोसिनची गोळी देतो आणि झोपवतो, कारण सकाळपर्यंत थांबणे यात कुणालाच गैर वाटत नाही. सहा-आठ तास असे जातात. ज्या आजारात तासांवर जीव ठरतो, त्यात केवळ लवकर उपचारावर विसंबणे शहरातल्या मोठ्या रुग्णालयाशेजारी राहणाऱ्याला परवडते. कोकणाचा भूगोल हाच लशीच्या बाजूचा युक्तिवाद आहे.

एक रुग्ण सापडला की बाकीच्यांना गोळ्या द्या, ही सूचनाही आहेच. सोबत राहणाऱ्यांना प्रतिबंधक औषध द्यावेच लागते, शक्यतो चोवीस तासांच्या आत. प्रौढाला सिप्रोफ्लोक्सासिन ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी, किंवा रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे दोन दिवस, किंवा सेफ्ट्रियाक्सोन २५० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन. कागदावर सोपे आहे. पण रिफाम्पिसिन हे क्षयाचे मुख्य औषध. क्षयाने गांजलेल्या देशात ते शेकडो निरोगी मुलांना वाटताना हात आखडतो, आणि आखडावाच. सिप्रोफ्लोक्सासिनला न जुमानणारे मेनिंगोकोकस दिल्लीच्या २००५ च्या साथीतच सापडले होते. सेफ्ट्रियाक्सोन टोचायचे तर परिचारिका हवी, रात्री हवी, आणि मुले जागेवर हवीत. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात एका खोलीतला मुलगा आजारी पडला, तर संपर्काची यादी होईपर्यंत त्याचे सोबती एसटीने आणि कोकण रेल्वेने देवगडपासून डहाणूपर्यंत पांगलेले असतील. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला दोन ते दहा दिवस लागतात. म्हणजे मुले गावी पोचल्यावर, आरतीच्या गर्दीत, घरातल्या तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असताना आजार डोके वर काढू शकतो. गोळ्या साथीच्या मागे धावतात. लस आधी देता येते, तिचा सगळा फायदा त्यातच आहे.

मांडीवरच्या बाळाचा उल्लेख सहज केलेला नाही. तरुणांना लस देण्यामागचे खरे शास्त्र तिथे आहे. जंतूच्या बाहेरच्या साखरेच्या कवचाला प्रथिनाची जोड देऊन केलेल्या संयुग्मित लशी रक्तात संरक्षण देतातच, शिवाय घशातला जंतूचा मुक्कामही कमी करतात. ब्रिटनने १९९९ मध्ये सी गटाची अशी लस बाळांबरोबर किशोरवयीनांनाही दिली, तेव्हा त्या वयातल्या मुलांच्या घशातला सी गट सुमारे दोन तृतीयांशाने घटला आणि लस न घेतलेल्यांतही रुग्ण तितक्याच प्रमाणात कमी झाले. नुसत्या कवचापासून केलेली जुनी, स्वस्त लस हे काम नीट करत नाही. तिचा असर जेमतेम तीन वर्षे टिकतो आणि ती पुन्हा पुन्हा घेतली तर शरीराचा प्रतिसाद उलट मंदावतो. त्यामुळे सरकारने कोणती लस विकत घ्यायची, हा प्रश्न ती घ्यायची की नाही इतकाच महत्त्वाचा आहे. स्वस्तातली निविदा म्हणून जुनी लस माथी मारली गेली तर अर्धा हेतू तिथेच बारगळला.

आता भीतीबद्दल. कोकणातली भीती जुनी आहे आणि तिला हसून उडवणे चूक ठरेल. १८९६ च्या प्लेगात मुंबई सोडून लाखो माणसे गावी पळाली, त्यांतली कितीतरी बोटींनी कोकणच्या बंदरांत उतरली. जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिनवर ठपका आला, त्याची नोकरी गेली आणि १९०७ पर्यंत तो निर्दोष ठरला नाही. दोष बाटली उघडताना राहिलेल्या अस्वच्छतेचा होता, लशीचा नव्हता. या सगळ्यातून शिकायचे ते हे, की अपाय झाला तर तो उघडपणे तपासायचा आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवायचा. मेनिंगोकोकसच्या लशीबाबत तसे झाले आहे. २००५ मध्ये अमेरिकेत लस घेतल्यानंतर काही तरुणांना गिलां-बारे हा नसांचा विकार झाल्याच्या नोंदी आल्या. सावधगिरीचा इशारा दिला गेला, लाखो लसवंतांच्या नोंदी तपासल्या गेल्या, लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही आणि २०१० मध्ये तो इशारा काढण्यात आला. नेहमीचा त्रास म्हणजे दंड दुखणे, डोके दुखणे, एखाद दिवस कणकण. शिबिरात प्रत्यक्ष गडबड होते ती वेगळीच: किशोरवयीन मुलांना सुईनंतर घेरी येते. रांगेत एकीला चक्कर आली की मागच्या चौघी बसकण मारतात आणि गावभर लशीने मुली पडल्याची बातमी होते. म्हणून उपाशीपोटी टोचायचे नाही, सुई बसूनच द्यायची आणि नंतर पंधरा मिनिटे सावलीत बसवून ठेवायचे. एवढी साधी काळजी घेतली तर निम्म्या अफवा जन्मालाच येत नाहीत.

उरला पैसा. खासगी दवाखान्यात या लशीच्या एका डोसला काही हजार रुपये पडतात आणि मासेमारीच्या बोटीवर खलाशी असलेल्या बापाला ते देता येणार नाहीत. पण ही किंमत निसर्गाने ठरवलेली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी ए गटाची मेनअफ्रिव्हॅक ही संयुग्मित लस केली, तिचा डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली, ती १ ते २९ या वयातल्या सगळ्यांना, कारण जंतू घशात बाळगणारे तरुणच असतात हे तिथल्या योजनाकारांना उमगले होते. त्या पट्ट्यातून ए गट जवळजवळ हद्दपार झाला. मग सी आणि इतर गट पुढे सरसावले, तेव्हा त्याच संस्थेने ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवरची मेनफाइव्ह ही लस आणली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिला पूर्वमान्यता दिली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती वापरायला घेतली. हडपसरहून निघालेली लस नायजेरियाच्या गावात पोचते आणि चार-पाच तासांवरच्या महाडच्या वसतिगृहात पोचत नाही, याचे समर्थन कशाच्या जोरावर करायचे? भारताच्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात मेनिंगोकोकसची एकही लस नाही. ती त्यात सर्वांसाठी घालावी असे मी म्हणत नाही. धोक्यातल्या गटांसाठी राज्याने घाऊक दराने विकत घ्यावी, इतकेच मागणे आहे.

आणि आपल्याकडे प्रौढांना अशी लस देण्याची सोयच नाही, हे तर खोटेच आहे. दरवर्षी हजला निघालेले राजापूर, खेड, म्हसळा, मुरुडचे यात्रेकरू हीच लस सरकारी शिबिरात, सरकारी खर्चाने घेतात. १९८७ मध्ये हजच्या वेळी ए गटाची साथ आली. २००० मध्ये डब्ल्यू गटाची आली आणि ती यात्रेकरूंबरोबर देशोदेशी पोचून कधीही यात्रेला न गेलेल्या घरच्या माणसांनाही भिडली. त्यानंतर सौदी सरकारने ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांवरची लस सक्तीची केली. पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असली पाहिजे आणि प्रमाणपत्रावर संयुग्मित लस असे लिहिले असेल तर ते पाच वर्षे चालते, एरवी तीन. इतका मोठा जमाव असूनही तसा उद्रेक पुन्हा झालेला नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यांना ही लस मागवता येते, शीतपेटीत ठेवता येते, टोचता येते, नोंदवता येते. गर्दीत झोपणाऱ्याला लस, हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. ते मक्केच्या तंबूपर्यंत लागू आणि जव्हारच्या आश्रमशाळेला गैरलागू, असे म्हणता येणार नाही.

जव्हारचे नाव पुन्हा घेतो, कारण तिथे दोन धोके एकाच मुलात भेटतात. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. ज्याला तो आई आणि वडील अशा दोन्हीकडून मिळाला आहे, ज्याच्या कार्डावर एसएस असे असते, त्याची प्लीहा वारंवार इजा होऊन अनेकदा बालपणातच निकामी होते. कवच असलेले जंतू रक्तातून गाळून काढायचे काम प्लीहाच करते. ती गेली की न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस यांच्यासमोर शरीर उघडे पडते. नुसता वाहक, म्हणजे एएस असलेला, या धोक्यात येत नाही. त्याला घाबरवू नये. पण एसएस असलेला पंधरा वर्षांचा मुलगा आश्रमशाळेत चाळीस जणांबरोबर जमिनीवर झोपतो आणि त्याच्या कार्डावर मेनिंगोकोकसच्या लशीचा रकानाही नसतो. त्याला एक डोस पुरत नाही. आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि दर पाच वर्षांनी एक, असा क्रम ठेवावा लागतो. तोच नियम मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकीवरून पडून प्लीहा फुटलेल्या आणि शस्त्रक्रियेत ती काढावी लागलेल्या तरुणाला. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे थांबून लशी द्यायच्या असतात, आणि नेमका त्याच सुमारास तो टाके काढून घरी गेलेला असतो. घरी जाताना हातात पडणाऱ्या कागदावर तारखेसह ही ओळ नसली तर पुढे कुणालाही आठवण राहत नाही. इथे दुर्मिळतेचा कोणताही युक्तिवाद टिकत नाही. या गटाला लस देण्याबाबत जगात कुठेही मतभेद नाही.

निरोगी वसतिगृहवासीयांसाठी काम सोपे आहे. ०.५ मिलिलीटरचा एक डोस, दंडाच्या स्नायूत, राहायला जाण्याच्या किमान दोन आठवडे आधी. संरक्षण साधारण पाच वर्षे टिकते, म्हणजे अकरावीच्या उंबरठ्यावर घेतली तर पदवीपर्यंतचा काळ बहुतेक निभावतो. सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी द्यायचीच असते. त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर ही देता येते. आश्रमशाळांत हे जानेवारी-फेब्रुवारीत उरकावे. जूनवर ढकलले की अडचणी सुरू होतात. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी आणि गोठताही कामा नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत आठवडे वीज नव्हती, आणि लहान वादळे तर दर मोसमात येतात. पावडर विरघळवून द्यायच्या लशीचा द्राव तिचाच वापरायचा आणि एकदा विरघळवली की त्याच सत्रात संपवायची, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. सिकलसेलच्या मुलांना न्यूमोकोकसची संयुग्मित लसही लागते. मेनिंगोकोकसच्या काही लशी तिच्यानंतर चार आठवड्यांचे अंतर ठेवून द्यायच्या असतात, म्हणून दोन्ही एकाच दिवशी उरकण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्याने हाती कोणती लस आहे ते पाहावे.

लस काय करणार नाही, तेही पालकांना सांगून टाकावे. चार किंवा पाच गटांवरच्या लशीत बी गट नाही, आणि ब्रिटनमध्ये आज बी गटाचा वाटा मोठा आहे. त्याची लस वेगळी, आणि ती टोचून घेणाऱ्याला वाचवत असली तरी घशातला जंतू कमी करत नाही, असे ऑस्ट्रेलियात हजारो किशोरवयीनांवर झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे परदेशी निघालेल्या मुलाने विद्यापीठाच्या तक्त्यात नेमके कोणते गट मागितले आहेत ते वाचूनच लस घ्यावी. भारतात मात्र आजवरच्या मोठ्या साथी ए गटाच्या होत्या, आणि तो या लशींत आहे. लस घेतलेल्या मुलाला ताप येऊन मान आखडली तर 'याने तर लस घेतली आहे' म्हणून कुणी थांबू नये.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत दरवर्षी आरोग्यावर पैसे मंजूर होतात. आश्रमशाळांच्या पटाच्या याद्या आदिवासी विकास विभागाच्या डहाणू, जव्हार आणि पेण प्रकल्प कार्यालयांत आहेत, वसतिगृहांच्या समाजकल्याणकडे, सिकलसेलच्या रुग्णांच्या आरोग्य विभागाकडे. तीन याद्या एकत्र केल्या की पहिल्या वर्षी किती डोस लागतील ते कळते. सुरुवात सिकलसेलच्या एसएस मुलांपासून आणि प्लीहा काढलेल्या रुग्णांपासून करावी. ती संख्या इतकी थोडी असेल की निविदेची वाट न पाहता स्थानिक खरेदीतूनही भागेल. दुसऱ्या वर्षी आश्रमशाळांची दहावी, तिसऱ्या वर्षी सरकारी वसतिगृहांत पहिल्यांदा येणारी मुले. आणि खाटांमधले अडीच फूट मोजायला मात्र कुठल्याही मंजुरीची गरज नाही, ते वसतिगृह अधीक्षकांनी याच महिन्यात मोजावे.